कॉम्प्युटरचं वय

माणसाने काळाबरोबर चालावे, हे आप्पांचे ठाम मत होते. काळाने मात्र ‘हे यंत्र या आवृत्तीसाठी अपात्र आहे’ असे त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहून त्यांना दारातच अडवले.

आप्पांनी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. खात्याने निरोप देताना साधारण हीच भाषा वापरली होती. फक्त सोबत एक घड्याळ दिले होते.

“आप्पा, कशाला त्याचे हाल करता?” दारातून जावई म्हणाला. त्याच्या काखेत नव्या लॅपटॉपचा खोका होता. “बँकेची साइट उघडत नाही, व्हिडिओ कॉल लागत नाही. आता भंगारात द्या. हा नवा आणलाय तुम्हाला.”

“ठेवा कपाटावर, जावईबापू. तिथे फुलदाणीला उंचवटा हवाच होता.”

“अहो, पण कंपनीच म्हणतेय ना, की नवी सिस्टीम यावर चालणार नाही!”

“कंपनी कोण लागून गेली? कॉम्प्युटर माझा, मेज माझं.”

खरी गोष्ट आप्पा बोलले नाहीत. त्या मेजाशी बसून ते अजूनही लोकांच्या घरांचे नकाशे काढून देत. त्या मेजाशी कंत्राटदार त्यांना ‘साहेब’ म्हणत असे. उरलेल्या घरात त्यांना ‘जरा पाय वर घ्या’ म्हणत. कॉम्प्युटर गेला की मेज जाणार, मेज गेले की तिथे सोफा येणार, आणि सोफ्यावर आप्पा. कायमचे.

“यावर नवी सिस्टीम चालली ना,” जावई हसत म्हणाला, “तर मी याच्या पाया पडेन.”

“शब्द दिलात हं,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी बायकोचा मोबाइल मागून घेतला.

इंटरनेटवर आप्पांसारख्या हट्टी लोकांचा एक अड्डा होता. कंपन्यांनी वाळीत टाकलेली यंत्रे तिथे पुन्हा माणसांत आणली जात. युक्ती साधी होती. सिस्टीम चढताना यंत्राला वय विचारते. यंत्राने बेधडक खोटे सांगायचे.

“यात नवल ते काय?” मोबाइल परत घेत बायको म्हणाली. “आपलं लग्न ठरवताना तुमच्या मामांनी हेच केलं होतं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.”

कॉम्प्युटरला मात्र खोटे लवकर जमेना. पडदा काळा पडला, मग निळा पडला, मग नुसताच पडून राहिला. पंखा असा घरघरला, की शेजारीण मिक्सर बिघडला का म्हणून विचारून गेली. आप्पांनी मेमरी वाढवली, जुन्या डिस्कच्या जोडीला नवी बसवली. एक स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात टाकला. आणि अखेर नव्या सिस्टीमने पडद्यावर आप्पांचे स्वागत केले.

“जावईबापू!”

जावई आला. त्याने पाहिले. शब्दाला जागून तो वाकला आणि तसाच थांबला. “याचे पाय कुठे आहेत?”

“कीबोर्ड चालेल.”

जावयाने बोटे टेकवली. पडद्यावर दोनतीन अक्षरे उमटली. आप्पांनी तो आशीर्वाद मानला.

तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन आला. “साहेब, जिन्याचा नकाशा झाला का? गवंडी खोळंबलेत.”

“आत्ता पाठवतो!” आप्पांनी दिमाखात नकाशांच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. तो त्यांच्या नोकरीच्या काळातला. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, पण आप्पांचा हात त्याच्यावरच बसलेला होता.

पडद्यावर ओळ आली: ‘हा प्रोग्रॅम या आवृत्तीसाठी फार जुना आहे.’

आप्पांचे बोट जागीच थांबले. पंखासुद्धा थांबला.

“आता त्याचंही वय चोरा,” बायको म्हणाली.

तेही करून झाले. प्रोग्रॅम सत्यवचनी निघाला.

जावई मनाने चांगला होता. टोमणा गिळून तो म्हणाला, “आप्पा, एवढं काय त्यात? यावर जुनी सिस्टीम परत टाकू. संध्याकाळपर्यंत जिना तयार.”

आप्पा ताठ झाले. “चढवलेली सिस्टीम उतरवायची नाही. तुम्ही पाया पडलायत तिच्या.”

“मग जिना कुठे काढणार?”

आप्पा उठले. त्यांनी कपाटावरची फुलदाणी बाजूला ठेवली आणि तिच्याखालचा खोका काढला. “जुनी सिस्टीम यावर टाकतो.”

“आप्पा, तो कोरा करकरीत आहे! इतकी जुनी सिस्टीम तो घेणारच नाही.”

लॅपटॉपनेही तेच लिहिले: ‘हे यंत्र या आवृत्तीसाठी अपात्र आहे.’

आप्पांच्या डोळ्यांत चमक आली. “अपात्र म्हणतो? हा कोण टिकोजीराव?” त्यांनी बाह्या सरसावल्या. या खेपेला वय वाढवून सांगायचे होते, एवढाच काय तो फरक.

जिन्याचा नकाशा वेळेत पोहोचला. कंत्राटदार अजून ‘साहेब’ म्हणतो. मेज जागच्या जागी आहे. त्यावर आता दोन कॉम्प्युटर आहेत. जुन्यावर नवी सिस्टीम चालते, नव्यावर जुनी.

दोन्ही सारखेच हळू चालतात.