हाडाची गोळी

“आ कर.”

अंगदनं आ केला. मुकादम सहादेवनं आत डोकावून पाहिलं. पाण्याच्या घोटासरशी पांढरी गोळी दिसेनाशी झाली होती. भट्टीवर जायच्या आधी प्रत्येकानं मुकादमासमोर कॅल्शियमची गोळी गिळायची, असा शेठचा नियम. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं म्हणजे धूर अंगात जाणारच. शेठ मोठा मायाळू! धूर ओढायचा पंखा वर्षभर बंद पडलाय, तो काही दुरुस्त होईना. गोळ्या मात्र खोक्यानं येतात.

“शिसं हाडात बसतं,” सहादेवनं रोजचं कीर्तन लावलं. “त्याच्याआधी कॅल्शियम जाऊन बसलं, की त्याला जागाच ऱ्हात न्हाई. मग कशाला भ्यायचं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगदनंही. गोळी त्याच्या गालात होती. सहादेवची पाठ फिरताच त्यानं ती तळहातावर काढली, तशीच ओली उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग तेच उपरणं नाकातोंडाला गुंडाळून दिवसभर भट्टीतली शिशाची राख उपसली.

त्याच्या बायकोला, रेश्माला, सातवा महिना लागला होता. अंगद भट्टीवर लागल्यापासून दोन पोटातच गेली. दवाखान्यातल्या बाईंनी कॅल्शियम लिहून दिलं, पण तिथल्या गोळ्या संपलेल्या. आपल्या हाडांचं काय व्हायचं ते होवो, अंगदनं ठरवलं होतं, हे लेकरू मात्र हातचं जाऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी सायकल दामटत तो सोनई गावात घरी आला. हातपाय धुवायच्या आधीच त्यानं दातानं गाठ सोडली.

रेश्मानं गोळी उलटीपालटी केली. “अवं, ही काळी कशानं पडली?”

“घामानं गं. औषध आतमधी असतं.” त्यानं ती शर्टाच्या बाहीला पुसून परत तिच्या हातात दिली.

नुसती गिळली की तिला उमळून यायचं, म्हणून ती चावायला लागली. तोंड वाकडं झालं.

“कचकच लागतीया.”

“हाडाचं औषध हाय. लागनारच. थुकू नको बरं का.” तिनं गिळली तरी त्याला चैन पडेना. “आ कर.”

रेश्मानं आ केला. अंगदनं वाकून, सहादेवसारखंच, नीट आत पाहिलं. गोळी गेली होती. जिभेवर तेवढी राखाडी पूड उरली होती.

त्यानं तांब्या तिच्यापुढं धरला.

“पानी पी वरनं. जरा बी वाया जाऊ देऊ नको.”