दाण्याएवढी मोटर

चिमटा. गार झालेला चहा. भिंतीवर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. काउंटरवर माशासारखा सरकणारा फोन. “याला हुडहुडी भरलीय की काय?” घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी लेकीचा फोन उचलला. “राहू दे ना, बाबा!” तिला स्वतःचाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. बाबांनी फोन खोलून तांदळाच्या दाण्याएवढी मोटर चिमट्याने काढली. “घे, थरथर थांबली.” फोन मुका झाला, पण उजळतच राहिला. बाबांनी सवयीने भिंगातून पाहिलं. स्क्रीनवरच्या फोटोत तिचा चेहरा परक्या, उघड्या देहावर चिकटवलेला. खाली अनोळखी लोकांच्या घाणेरड्या मेसेजेसची रांग. आपण खुर्चीसकट तरंगत दूर चाललोय, असं तिला वाटलं. बाबांनी तिचं मनगट धरलं. “वेडाबाई, एवढे दिवस एकटीनेच सोसलंस?” तिचा हात थरथरत होता. “ही मोटर मला काढता येत नाही. चल, पोलिसांकडे जाऊ.” तिला आठवलं, असा पहिला मेसेज आला तेव्हा ती थट्टा समजून हसली होती.