दगडी सवत

“आत आल्यावर ओळख दाखवायची नाही,” संग्रहपालांनी शेवटचं बजावलं. “मी तुमचा कोणीही लागत नाही.”

“ते आम्ही लग्नापासून बघतोच आहोत,” धाकटा मेहुणा म्हणाला आणि फाटकाबाहेर उभं असलेलं अख्खं सासर हसलं. सासूबाई, मेहुणे, त्यांच्या बायका, साडू, साडूची पोरं. शिवाय संग्रहपालांची स्वतःची मावशी, जिला कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्यांच्या मागून एकटीच हसली.

आज मुख्यालयातून मॅडम येणार होत्या. या एवढ्याशा संग्रहालयाचं पुढे काय करायचं, ते त्या ठरवणार होत्या. इथे कोणी फिरकत नाही, हे वरपर्यंत पोचलं होतं आणि ते खरंच होतं. फिरकणार कसं? वीज जळते म्हणून संग्रहपाल दालनातले दिवे बंद ठेवत. कोणी आलाच तर दिवा लावून त्याच्या पाठोपाठ चालत, तो पुढच्या दालनात गेला की मागचा दिवा विझवत. एका गृहस्थाला तर त्यांनी श्वास जरा लांबून घ्यायला सांगितलं होतं. गावातली पोरं त्यांना ‘हात लावू नका’ याच नावाने ओळखत आणि रस्त्यात दिसले की हात मागे बांधून चालत.

पण माणूस वाईट नव्हता. त्यांचा जीव वस्तूंवर होता, एवढंच. त्यातही मधल्या दालनातल्या दगडी बाईवर. ती वेणी घालत उभी होती. एक हात तुटलेला, नाकाचा टवका गेलेला. रोज सकाळी ते आधी तिच्याकडे जात, मऊ कुंचल्याने तिची धूळ झटकत आणि घरात काय बिनसलंय ते तिला सांगत. घरी बायको तिला सवत म्हणायची. संग्रहालय बंद झालं तर तिला नेऊन कुठल्यातरी गोदामात टाकतील, या धास्तीने संग्रहपालांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी अडला हरी गाढवाचे पाय धरी. ज्यांच्याकडे बारशालाही गेले नव्हते, त्या मेहुण्यांना त्यांनी स्वतः फोन केले. जे राहिले त्यांना बायकोने कळवलं, “माझ्या सवतीला वाचवायचंय, सगळे या.”

मॅडम आल्या आणि सासर कामाला लागलं. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर, शाल बदलून पुन्हा पुढच्या दाराने आत. थोरला मेहुणा आधी चष्मा लावून आला, मग चष्मा काढून. दुसऱ्यांदा तो दाराच्या चौकटीला धडकला. मावशी खापरांच्या कपाटापुढे थबकली आणि खड्या आवाजात म्हणाली, “अगोबाई, सगळंच फुटलंय की! कोणाच्या हातून पडलं?” साडूने मॅडमना गाठून सांगितलं, की आम्ही सहकुटुंब दर सोमवारी इथे येतो. संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मॅडमनाही माहीत नव्हतं.

चालून चालून सासूबाईंचे पाय दुखायला लागले आणि त्या सरळ एका शेकडो वर्षांच्या दगडी चौरंगावर बसल्या. संग्रहपाल त्यांना उठवायला धावले. पण मॅडम बघत होत्या. “बसा ना, बसा,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. त्याच भरात त्यांनी सगळे दिवे लावले आणि साडूच्या पोरांना एका नाण्याची साद्यंत हकिकत सांगितली. पोरांनी ती ऐकली आणि आणखी एक सांगा म्हणाली. संग्रहपालांना नवल वाटलं. खरं तर बरंही वाटलं.

बायको मात्र मधल्या दालनातच होती. इतक्या वर्षांत तिने सवतीला पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ उभी राहिली. संग्रहपाल जवळून गेले तेव्हा ओळख न दाखवता पुटपुटली, “तुटलंय तरी नाक माझ्यापेक्षा बरं आहे हो.”

शेवटी मॅडम कार्यालयात टेकल्या. चहा आला. संग्रहपाल हात जोडून उभे राहिले.

“माझा तर विश्वासच बसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पाय ठेवायला जागा नाही तुमच्याकडे!”

“लोकांचं प्रेम आहे,” संग्रहपाल लाजून म्हणाले.

“म्हणूनच मी निर्णय बदलतेय. ती वेणीवाली आणि बाकीच्या चांगल्या वस्तू राजधानीच्या मोठ्या संग्रहालयात हलवू. इतके लोक ज्यांच्यासाठी येतात, त्या वस्तू अशा आडबाजूला, एका पहारेकऱ्याच्या भरवशावर कशा ठेवायच्या? गाडी उद्याच पाठवते. तुम्ही काळजी करू नका, तुमचं संग्रहालय चालूच राहील. तिच्या जागी तिचा मोठा फोटो लावा. येणारे लोक तुमच्याकडे आहेतच.”

बाहेर मावशी पुन्हा खापरांपाशी पोचली होती आणि कोणी फोडलं म्हणून नव्याने चौकशी करत होती.

“मॅडम,” संग्रहपालांनी कसंबसं विचारलं, “आधी काय ठरलं होतं?”

“आधी?” मॅडमनी कप खाली ठेवला. “इथे कोणी येतच नाही म्हणून लोकांना दार बंद करायचं आणि एकूण एक वस्तू आहे तिथेच, कुलपात, कायमची तुमच्या ताब्यात ठेवायची. बरं झालं, मी स्वतः येऊन पाहिलं.”