पकड

आमचा मुलगा मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा व्यावसायिक खेळाडू. जाळीच्या पिंजऱ्यात लढायचं, आणि पकडीत सापडलेल्याने हाताने थोपटलं की त्याने हार मानली असं समजून लगेच सोडायचं, हा त्यांचा नियम. आमच्या पठ्ठ्याने इतक्या वर्षांत एकदाही थोपटलेलं नाही.

प्रत्येक लढतीनंतर तो आईला मिठी मारायचा आणि सोडायचंच नाव घ्यायचा नाही. मी जवळ घेतलं की मात्र लगेच बाजूला. "लेक कुणाचा आहे, कळलं ना?" म्हणून ही मला चिडवायची.

ती गेल्यानंतरची त्याची पहिली लढत काल झाली. जिंकला, आणि घामाने निथळत येऊन माझ्या गळ्यात पडला. मी कौतुकाने पाठ थोपटली. स्वारी झटकन बाजूला.

त्याचे कोच हसायला लागले. "अहो काका, थोपटता कशाला? थोपटलं की सोडायचं, हे त्याच्या अंगात भिनलंय. काकू बघा, त्याच्या पाठीमागे बोटांत बोटं अडकवून ठेवायच्या."

लबाड कुठली! इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाही.

"ये रे इकडे परत," मी म्हणालो, आणि त्याच्या पाठीमागे बोटांत बोटं घट्ट अडकवली.



शेवटी थोपटलं ते त्यानेच.