विरजण

मंगळावरच्या वस्तीत चित्रलेखा आणि यामिनीने मातीकामाचा स्टुडिओ थाटला खरा, पण तिथली निर्जीव माती चाकावर चढवली की तडकायची. शेवटी त्यांनी पृथ्वीवरून मूठभर मुरलेली माती मागवली, विरजण म्हणून. तिच्यातले जंतू या कोऱ्या मातीला लवचीक करणार होते.

महिन्याभराने चित्रलेखाने मंगळाची माती भिजत घातलेल्या निर्जंतुक पिंपाचं झाकण काढलं. आंबूस वास दरवळला. चाकावर ठेवलेला गोळा लोण्यासारखा वर चढला.

"अगं, विरजण काय झकास लागलंय तुझं!"

"माझं?" यामिनी गोंधळली. "मला वाटलं, तू लावलंस."

दोघींनी कपाट उघडलं. पृथ्वीवरून आलेली पुडी सीलबंदच होती.

पिंपातल्या मातीवर एक बुडबुडा हळूच फुगला आणि फुटला. चित्रलेखाने चाक थांबवलं. चिखलाने भरलेले तिचे हात आपसूक जोडले गेले.