पट्ट्याला हात लावायचा नाही

“अहो, पाणी द्या त्याला! दोन बाटल्या सोडा, लगेच!” सर्जनसाहेब खाटेशी उभे राहून ओरडत होते.

“एक थेंब सोडणार नाही,” भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. “आधी पाय उचलून बघणार.”

खाटेवर एक सुतार होता. सकाळीच त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. श्वास यंत्र देत होतं आणि वरचा रक्तदाब ब्याऐंशीवर आला होता. बाहेर बाकावर त्याची बायको त्याच्या चपला पिशवीत घेऊन बसली होती. अशा वेळी सलाईन एक तर तारतं, नाहीतर फुफ्फुसात साचून जीव घेतं. म्हणून मॅडमची चाचणी ठरलेली. रोग्याचे दोन्ही पाय वर धरायचे. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं. दाब चढला तर पाणी द्यायचं, नाही चढला तर नाही.

मोठ्या सिस्टरांनी पाय वर धरले. मिनिटभर सगळे यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिले. ब्याऐंशी ते ब्याऐंशीच.

“झालं समाधान? आता फुफ्फुसात तळं करायचंय का त्याच्या?” मॅडमनी विचारलं.

“मास्तरांच्या वेळीही तुम्ही हेच केलंत!” साहेब कडाडले.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात याच खाटेवर एक मास्तर होते. त्यांचाही दाब पाय उचलून चढला नव्हता. मॅडमनी पाणी दिलं नाही आणि संध्याकाळी मास्तर गेले. नंतरच्या बैठकीत साहेबांनी टेबल बडवलं. मॅडमनी चाचणीची नोंद सगळ्यांपुढे ठेवली आणि ठणकावलं, “मास्तर तुमच्या हातानं गेले, माझ्या नाही.” तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा होता.

“थांबा, अधीक्षकांनाच आणतो,” म्हणत साहेब तरातरा बाहेर गेले.

सिस्टर अजून पाय धरून उभ्या होत्या. “मॅडम, एक बोलू? हा पट्टा फारच आवळलाय. पोटात रुततोय बघा.”

मॅडमनी चादर ओढली. बरगड्यांपासून कमरेपर्यंत रुंद पट्टा करकचून बांधलेला होता. टाके उसवू नयेत म्हणून साहेब तो स्वतः बांधत, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मॅडम बघतच राहिल्या. पोटच इतकं आवळलं, तर पायांतलं रक्त वर येणार कसं?

“हा माणूस स्वतःच पाइपवर पाय देऊन उभा राहतो आणि पाणी येत नाही म्हणून आपल्यावर ओरडतो!” त्यांनी पट्टा ओढून काढला. “पाय खाली ठेवा आणि पुन्हा उचला.”

ब्याऐंशी. एक्याण्णव. एकशे चार.

म्हणजे सुताराला पाणी हवंच होतं. मॅडमनी स्वतः सलाईन जोडलं. पहिली बाटली अर्धी होईतो दाब सावरला, बोटांची नखं गुलाबी दिसू लागली.

तेवढ्यात साहेब अधीक्षकांना घेऊन परतले. “माझा पट्टा कुणी काढला?”

मॅडम गर्रकन वळल्या. महिनाभर साठलेलं सगळं आज त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. पण नजर खाटेच्या कडेला पडलेल्या पट्ट्यावर गेली. त्यांनी हळूच विचारलं, “सिस्टर, मास्तरांचे पाय उचलले तेव्हाही पट्टा होता?”

“होता ना, मॅडम. घरचे न्यायला आले, तेव्हा मीच सोडला.”