चष्मेवाल्याच्या नावानं आलेला अंक

"लेखकाचं नाव तेवढं सांगा, मी निघतो," चष्मेवाला म्हणाला आणि बसल्या जागेवरून हात लांबवून त्यानं बाहेरच्या दाराची कडी लावली.

संपादकबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खोली ती केवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकलेले जुन्या अंकांचे गठ्ठे, जे फुकट दिले तरी कुणी नेत नव्हतं. वर्षाला चार अंक निघाले की बाईंना गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटायचं.

आतल्या खोलीतून स्टेपलरचा टक्‌टक् आवाज येत होता.

"आत कोण आहे?"

"आमचे बाइंडरमामा. त्यांना ऐकू येत नाही. बोला तुम्ही खुशाल."

चष्मेवाल्यानं पिशवीतून अंक काढला आणि टेबलावर आपटला. "ही कथा. 'कठडा'. लेखकाच्या जागी छापलंय 'एक वाचक'. कोण हा वाचक?"

"नाव देऊ नका म्हणून सांगितलंय. एवढं तरी इमान राखायला नको का?"

"कसलं डोंबलाचं इमान! माझ्या घराचे वाभाडे काढलेत यात. बायको गच्चीवर लिहायला जाते, नवरा जिन्याच्या कठड्याचे स्क्रू ढिले करून ठेवतो. माझी बायको तिथूनच पडली, बाई. अपघात होता, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तर माझ्या चष्म्याच्या दुकानात होतो. शेजारीण धावत सांगायला आली तेव्हा मला कळलं."

"फार वाईट झालं हो," बाई म्हणाल्या. "कविता चांगल्या लिहायची. आमची जुनी वर्गणीदार."

"त्या कवितांनीच तिचं डोकं फिरवलं होतं. घरात लक्ष नाही, माणसांत लक्ष नाही. दिवसभर आपलं ते कागद आणि पेन."

"पण तुम्ही तर अंक उघडतसुद्धा नाही म्हणायची."

"नेहमी हिच्या नावानं यायचा, मी तसाच रद्दीत टाकायचो. या वेळी माझ्या नावानं आला. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावलेत."

बाईंनी मान डोलावली. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"दांडी सैल झालीय. द्या इकडे." बाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं चष्मा काढूनही घेतला. शर्टाच्या खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर निघाला. इकडच्या गप्पा, तिकडच्या गप्पा, आणि त्याचे हात मात्र लोण्यातून फिरावेत तसे फिरत होते. स्क्रू आवळून झाला. चष्मा बाईंच्या हातात न येता त्याच्याच खिशात गेला.

"राहू दे जरा माझ्याकडे," तो म्हणाला.

चष्म्याशिवाय बाईंना समोरचा माणूस म्हणजे नुसता एक काळा डाग. त्यांना भीती वाटली. खोटं कशाला, चांगलीच वाटली.

"हे बघा बाई," डाग बोलू लागला, "तिचा भाऊ आधीच माझ्यावर डूख धरून बसलाय. पुरावा नाही म्हणून गप्प आहे. हा अंक त्याच्या हाती पडला की मी संपलो. मला लिहिणारा हवाय, आणि आजच हवाय."

"सापडला तर काय कराल?"

"काय करणार? चार शब्द समजावून सांगेन." तो हसला. "माणसं ऐकतात माझं."

बाई शरण आल्यासारखा सुस्कारा सोडून म्हणाल्या, "खरं सांगू? छापली खरी, पण मलाही ती कथा पटली नव्हती. विशेषतः शेवट. एवढी बाई कठड्यासकट खाली जाते आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. मुकाट्यानं मरते. असं कुठं असतं का?"

"तेच तर म्हणतोय मी!" चष्मेवाल्यानं टेबलावर थाप मारली. "काही बघितलेलं नाही, दिलंय आपलं ठोकून. मुकाट्यानं कशाची? चांगली दोनदा हाक मारली तिनं. 'अहो, धरा, अहो, धरा.' हात पुढे केला होता तिनं, आणि हा शहाणा लिहितो..."

तो थांबला.

"म्हणजे, मारली असणार हाक," तो म्हणाला. "माणूस मारतोच."

"असणार," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आतला स्टेपलर केव्हाच थांबला होता. चष्मेवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे आला, अगदी बाईंच्या शेजारी.

"बरं, नाव राहू दे. आधी अंकांचं बघू. गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतो, म्हणाल ती किंमत देतो. पोस्टात किती गेलेत? कुणाकुणाकडे? सगळीकडून गोळा करीन, पण ही कथा एकाच्याही घरात राहता कामा नये."

"गोळा करायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या अंकांत त्या पानांवर तिच्या कविता आहेत. कथेची प्रत आम्ही एकच छापली, ती तुमच्या हातात आहे. आणि नाव हवं होतं ना? लिहिणारी मीच."

चष्मेवाला उठून उभा राहिला. बाईंनी आवाज मुळीच न चढवता आतल्या दाराकडे तोंड केलं.

"मामा, ऐकलंत ना?"

"शब्दन् शब्द," मामा आतून म्हणाले. "मी ऐकलं, आणि तिच्या भावानंही."